लॅपटॉपची बॅटरी कामाला जुळेल अशी घ्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव,
जिल्हा नियोजन समिती, वाशिम

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम

विषय : कार्यालयं, ग्रामपंचायती आणि शाळांसाठी लॅपटॉप घेताना बॅटरी वापरानुसार ठरवण्याबाबत

महोदय,



नव्या आर्थिक वर्षाचे प्रस्ताव नियोजन समितीकडे यायला लागले की कुठल्या ना कुठल्या विभागाच्या यादीत लॅपटॉप असतोच. तो असायलाही हवा. वाशिम हा आकांक्षित जिल्हा आहे. इथल्या माणसाला दाखल्यासाठी, फेरफारासाठी, पीकविम्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालायला लागू नयेत असं वाटत असेल, तर गावातलं यंत्र चालू स्थितीत असणं गरजेचं आहे. तेव्हा खरेदीला माझा विरोध नाही. पण खरेदी करताना बॅटरीचा विचार कुणी करत नाही, आणि लॅपटॉप निकामी ठरण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. पत्र खुलं लिहिण्याचं कारण एवढंच की हाच निर्णय सरपंच, मुख्याध्यापक, सेवा केंद्राचे चालक आणि मुलांना लॅपटॉप घेऊन देणारे आईवडीलही घेत असतात. त्यांच्याही उपयोगी पडावं.

मी वाशिममध्ये लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांची एक तक्रार कायमची : चार्जर काढला की बंद पडतो. उघडून पाहिलं तर प्रोसेसर ठीक, पडदा ठीक, कीबोर्डची फार तर एखादी कळ गेलेली. बॅटरी मात्र संपलेली. मग साहेब म्हणतात, राहू द्या, नवीनच मागवू. जुना लॅपटॉप कपाटात जातो, पुढे निर्लेखनाच्या यादीत आणि तिथून लिलावात. काही हजारांच्या बॅटरीपायी चाळीस-पन्नास हजारांचं यंत्र भंगारात निघतं. पैसा जनतेचा असतो आणि कचरा आपल्याच जिल्ह्यात राहतो.

बॅटरी कशाने संपली हे ओळखणं अवघड नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात तीन ओळी बघायच्या. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यात खरोखर किती वीज मावते ती. आणि ‘सायकल काउंट’ म्हणजे पूर्ण क्षमतेइतकी वीज आजवर किती वेळा वापरून झाली तो आकडा. अर्धी-अर्धी दोनदा वापरली तरी एकच सायकल धरतात.

समजा, अहवालात पहिला आकडा ४१,००० मिलिवॉट-तास आहे, दुसरा २०,०००च्या आसपास आणि सायकल मात्र जेमतेम ४०. या बॅटरीने काम असं केलंच नाही. ती वर्षानुवर्षं चार्जरला लावून ठेवल्यामुळे आणि उन्हाळ्याच्या उकाड्याने गेली. दुसऱ्या यंत्रात क्षमता तितकीच उतरलेली आहे, पण सायकल ६००च्या वर आहेत. ही बॅटरी काम करून दमली. पहिल्या ठिकाणी मोठी बॅटरी दिली असती तरी काही उपयोग नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मात्र पहिल्यापासूनच मोठी द्यायला हवी होती. आपण दोघांसाठी एकच नमुना मागवतो आणि दोन्हीकडे नुकसान सोसतो. या पत्रातला मुद्दा हाच आहे : लॅपटॉप कुठे आणि कसा वापरला जाणार हे आधी लिहा, बॅटरी त्यावरून ठरवा.

यामागचं शास्त्र साधं आहे. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणली, आणि ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीतला प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाला की साधारण ४.२ व्होल्टपर्यंत जातो, काही नव्या सेलमध्ये थोडा वरही. या दाबावर तो तासन्‌तास राहिला की आतल्या रसायनांची हळूहळू झीज होते आणि उष्णता ती झीज वाढवते. म्हणजे बॅटरीचं वय दोन वाटांनी वाढतं. वापराने वाढतं, तसंच न वापरता नुसतं भरून ठेवल्यानेही वाढतं.

कॅनडातल्या कॅडेक्स या बॅटरी क्षेत्रातल्या कंपनीने प्रसिद्ध केलेला एक तक्ता या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. बॅटरी ४० टक्के चार्ज करून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण चार्ज करून त्याच तापमानात ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश केलं, तर ४० टक्के चार्जवर ८५ आणि पूर्ण चार्जवर फक्त ६५. वर्षभरात एकतृतीयांशाहून जास्त क्षमता गेली, तीही एकही काम न करता.

महोदय, हे ४० अंश आपल्याला नवे नाहीत. एप्रिल-मेमध्ये वाशिमचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पुढे दिवसेंदिवस खाली येत नाही. टिनपत्र्याच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलावर चालू असलेल्या लॅपटॉपच्या पोटात तर बाहेरच्याहून जास्त उकाडा असतो. बंगळुरूच्या वातानुकूलित कार्यालयात जी बॅटरी चार वर्षं टिकेल ती आपल्याकडे तितकी टिकेल, असं धरून चालणं चूक आहे. विदर्भाच्या उन्हाचा हिशेब खरेदीच्या कागदावर यायला हवा.

आता जिल्ह्यातला प्रत्यक्ष वापर बघू. माझ्या अनुभवात तो तीन प्रकारचा आहे.

पहिला प्रकार बसून कामाचा. सहा तालुक्यांत मिळून जवळपास पाचशे ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, सेवा केंद्राचा चालक, पंचायत समितीतला कनिष्ठ सहाय्यक यांचा लॅपटॉप सकाळी टेबलावर उघडतो आणि संध्याकाळी तिथेच बंद होतो. चार्जर कधी निघत नाही. यांना बॅटरी हवी ती फक्त वीज गेल्यावर अर्धा-एक तास निभावण्यासाठी. अर्ज भरणं, दाखला काढणं अशा कामाला लॅपटॉप साधारण १० वॉट वीज घेतो. ४० वॉट-तासांची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवली तरी ३२ वॉट-तास मिळतात, म्हणजे तीन तास. एवढं पुष्कळ झालं. इथे ६० किंवा ७० वॉट-तासांची बॅटरी घेणं म्हणजे जास्तीचं लिथियम आणि कोबाल्ट विकत घेऊन उन्हात नासवणं.

या माणसांची खरी अडचण वेगळीच आहे, ती मी रोज ऐकतो. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर आणि प्रिंटर बंद पडतात. नेट नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही आणि प्रिंटर नसेल तर दाखला हातात पडत नाही. मोठ्या बॅटरीवर जे पैसे जास्त जातात, त्यांतून राउटरसाठी एक लहानसा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस येतो. प्रिंटरपुरता वेगळा इन्व्हर्टर लागेल तिथे द्यावा. ज्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला पुन्हा यूपीएसवर टाकायची गरज नाही. यूपीएस डेस्कटॉपला लागतो. लॅपटॉप यूपीएसवर आणि डेस्कटॉप थेट प्लगवर, अशी अदलाबदल अनेक कार्यालयांत झालेली दिसते.

बसून कामाच्या लॅपटॉपला दुसरी गोष्ट हवी ती चार्जची मर्यादा. लेनोवोमध्ये ‘कन्झर्वेशन मोड’, असूसमध्ये ‘बॅटरी केअर’, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’, एचपीमध्ये बायोसमधली ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ अशा नावांनी ही सोय आजच्या बहुतेक यंत्रांत असते. ती चालू केली की बॅटरी पूर्ण भरायच्या आधीच, बहुतेक ठिकाणी ८० टक्क्यांच्या आसपास, चार्जिंग थांबतं. पैसा लागत नाही, वेळ पाच मिनिटं. पण लॅपटॉप वाटताना ही सोय चालू करून दिलेली मी क्वचितच पाहिली आहे. पीकविम्याच्या मुदतीत रात्री उशिरापर्यंत रांग असते आणि पावसापाण्यात वीजही वारंवार जाते. त्या आठवड्यापुरती मर्यादा काढून १०० टक्के चार्ज करावी आणि रांग संपली की पुन्हा लावावी. चालकाला एवढं समजावून सांगितलं की तो स्वतःच करतो.

दुसरा प्रकार फिरत्या कामाचा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, एका सज्जात दोन-तीन गावं सांभाळतात. ग्रामसेवकांकडेही एकाहून जास्त गावं असतात. अतिवृष्टीने सोयाबीन आडवं झालं की पंचनाम्यांसाठी दिवस बांधावर जातो आणि माहिती भरायला बसावं लागतं ते मंदिराच्या ओट्यावर किंवा कुणाच्या ओसरीत. कृषी सहाय्यकांनी राज्यभर लॅपटॉपची मागणी लावून धरली होती ती याच कामासाठी. त्यांचं हत्यार टिकाऊच पाहिजे.

इथे थोडं गणित मांडतो. फिरत्या माणसाला रोज बॅटरीवर अडीच तास काम करावं लागतं असं धरा. १० वॉटने २५ वॉट-तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर ६,२५० वॉट-तास. ४० वॉट-तासांच्या बॅटरीला यासाठी वर्षाला सुमारे १५६ सायकल लागतील, ६० वॉट-तासांच्या बॅटरीला सुमारे १०४. चार वर्षांत पहिलीच्या ६२५ होतात आणि दुसरीच्या ४१७. साधारण बॅटरी ३०० ते ५०० सायकलपर्यंत नीट साथ देते. म्हणजे लहान बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मान टाकणार आणि मोठी चार वर्षांची मजल मारू शकते. शिवाय लहान बॅटरी रोज साठ टक्क्यांहून जास्त उतरते, मोठी चाळीसच्या आसपास. जितकी कमी खोल उतरते तितकी तिची झीज कमी.

लॅपटॉप नवा असताना दुकानदार सांगतो, चार तास चालेल. तेही खरंच असतं. पण तीन वर्षांनी क्षमता ७० टक्क्यांवर आली की ४० वॉट-तासांचे २८ उरतात आणि दुपारीच धाप लागते. ६० वॉट-तासांचे तेव्हाही ४२ उरलेले असतात. बॅटरी निवडताना तिच्या पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या वर्षाचा विचार करावा. डेल आणि एचपीच्या कार्यालयीन वापराच्या मालिकांमध्ये तीन वर्षांच्या हमीची दीर्घायुषी बॅटरी मिळते. एचपी तर अशा बॅटरीसाठी १,००० सायकलपर्यंतचा आकडा सांगते. फिरत्या कामासाठी तीच मागवावी. साध्या बॅटरीला बहुधा एकच वर्षाची हमी असते, लॅपटॉपची हमी तीन वर्षांची असली तरी. करार वाचताना ही बारीक ओळ सुटते.

ज्यांना मोठी बॅटरी रोज लागत नाही, पण महिन्यातून दोन-चार दिवस लागते, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. टाइप-सी ने चार्ज होणारा लॅपटॉप घ्यावा आणि तालुक्याला सामाईक वापरासाठी ६५ वॉटच्या काही पॉवरबँक ठेवाव्यात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. व्होल्टेज बदलताना होणारी घट धरूनही लॅपटॉप एकदा पूर्ण भरेल. ज्याची फिरती असेल त्याने नेली, आणून ठेवली. प्रत्येकाच्या यंत्रात कायमची मोठी बॅटरी बसवण्यापेक्षा हे काटकसरीचं आहे.

एक सूचना फिरतीवाल्यांना स्वतःलाच. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका. बंद गाडीत तापमान बघता बघता साठीच्या घरात जातं आणि एक दुपार बॅटरीचे महिने खाते. झोपवून ठेवलेला, म्हणजे ‘स्लीप’मधला लॅपटॉप बॅगेत कोंबूनही ठेवू नका. तो आत जागा होतो आणि स्वतःच्या उष्णतेत भाजतो. बाहेर पडताना ‘शटडाउन’ करावा.

तिसरा प्रकार शाळांचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतला लॅपटॉप आठवड्यात काही तास चालतो, एरवी कुलपात. आपल्याकडे ऊन कडक म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत हा लॅपटॉप लोखंडी कपाटात बंद. कुणी जाताना काळजीने १०० टक्के चार्ज करून ठेवतं, त्याची क्षमता वाया जाते. कुणी पार उतरलेला ठेवतं, तो दोन महिन्यांत इतका खाली जातो की सुरक्षेसाठी असलेलं सर्किट बॅटरी तोडून टाकतं आणि जूनमध्ये यंत्र चार्जच घेत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, हातही लावला नव्हता. त्यांचं खरंच असतं.

यावर उपाय एका ओळीचा आहे. सुटी लागण्याआधी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणायची, लॅपटॉप पूर्ण बंद करायचा आणि शाळेतल्या सर्वांत थंड, भिंतीआडच्या खोलीत ठेवायचा. पत्र्याखालच्या कपाटात ठेवायचा नाही. सुटीतल्या निकालपत्रकांच्या, शाळासामानाच्या सूचनांबरोबर ही एक ओळ गेली, तर जिल्ह्यातल्या शेकडो बॅटऱ्या वाचतील. शाळांसाठी बॅटरी लहानच पुरे, पहिल्या प्रकारातला नमुना चालेल.

विद्यार्थ्यांच्या आईवडिलांसाठी थोडक्यात. मुलगा अकोला-अमरावतीला किंवा पुण्याला शिकायला जातो आणि वसतिगृहात, अभ्यासिकेत दिवसभर प्लगजवळच बसणार असतो. त्याला दहा-बारा तासांच्या जाहिरातीला भुलून महागडा लॅपटॉप घेऊन देऊ नका. वर्गावर्गांत फिरायचं असेल तर मात्र बॅटरीचे वॉट-तास विचारा. दुकानदार ‘किती तास’ सांगेल, तुम्ही ‘किती वॉट-तास’ विचारा. तास कामागणिक बदलतात, वॉट-तास बॅटरीवर छापलेले असतात.

आता खरेदी करणाऱ्यांची एक शंका. सगळ्यांना एकच नमुना ठेवला की निविदा सोपी होते, दर चांगला मिळतो, लेखापरीक्षणात प्रश्न येत नाहीत. शंका रास्त आहे. पण मी दहा नमुने मागत नाही, दोनच मागतो : ‘बसून काम’ आणि ‘फिरतं काम’. प्रोसेसर, मेमरी, पडदा तेच राहू द्या. फरक बॅटरीत आणि तिच्या हमीत. बसून कामाच्या यंत्रांवर जी बचत होईल, ती फिरत्या कामाच्या यंत्रांवर खर्च होईल. एकूण तरतूद तीच राहील, यंत्रं मात्र जास्त वर्षं चालतील. आणि पर्यावरणाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी नाही. कारण लॅपटॉपचा कार्बनभार मुख्यतः तो बनतानाच पडतो. वापरताना तो जी वीज खातो तिचा वाटा त्यामानाने लहान आहे. एक यंत्र तीनऐवजी सहा वर्षं चाललं, तर एक अख्खं यंत्र बनवणं टळलं.

बॅटरी कुठून येते हेही डोळ्यांपुढे असावं. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून निघतं आणि तिथल्या काही खाणींत माणसं हातांनी खोदतात, त्यांत लहान मुलंही सापडली आहेत. लिथियमचा एक मोठा साठा चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात आहे, जिथे पाण्याचा थेंब थेंब मोलाचा. आपल्या देशात जम्मू-काश्मीरमधल्या रियासी इथे ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज फेब्रुवारी २०२३मध्ये जाहीर झाला, पण सेल आजही मुख्यतः चीनमधूनच येतात. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्याला दुसऱ्या वाळवंटातल्या पाण्याची किंमत समजावून सांगायला नको. इतक्या लांबून, इतक्या मोलाने आलेली वस्तू आपण कपाटातल्या उकाड्यात मारून टाकू नये.

मेलेल्या बॅटरीचं काय होतं, हेही सांगतो. फुगलेली बॅटरी पहिल्यांदा टचपॅडवर कळते. टचपॅड किंचित वर येतं, त्याचा क्लिक लागेनासा होतो, पुढे झाकण नीट मिटत नाही. अशी बॅटरी टोकदार वस्तूने टोचली, वाकवली तर पेट घेऊ शकते. ती तातडीने काढून वाळूच्या डब्यात, माणसांपासून दूर ठेवायची असते. प्रत्यक्षात ती घंटागाडीत जाते किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात. तिथून कचऱ्याच्या ढिगाऱ्यात, जिथे आग लागल्यावर कारण कुणी शोधत नाही. भंगारात काम करणारी माणसं आणि त्यांची पोरं हा धोका उघड्या हातांनी उचलतात.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्राने ऑगस्ट २०२२मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि त्या मिश्र कचऱ्यात न टाकण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. नियम दिल्लीत झाले, पण रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या माणसाला जुनी बॅटरी नेमकी कुठे द्यायची हे माहीत नाही. उत्पादकाला शोधत अकोल्याला जाणं त्याला परवडणारं नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक संकलन केंद्र ठरवून द्यायला प्रशासनाला फार खर्च येणार नाही.

बदलायची बॅटरी घेतानाही डोळे उघडे ठेवायला हवेत. बाजारात ओरिजनल, कंपॅटिबल आणि निव्वळ कॉपी अशा तीन जातींच्या बॅटऱ्या मिळतात. कॉपीवर ६० वॉट-तास छापलेले असतात, आत किती हे कुणी मोजत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी बंधनकारक आहे. बॅटरीवर तो क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच घ्यावी. आणि बॅटरी बदलता येईल असाच लॅपटॉप घ्यावा. युरोपीय संघाने तर कायदाच केला आहे : १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण सक्ती अजून नाही. सक्ती होईपर्यंत निविदेतली अट हेच आपलं हत्यार आहे. जो खरेदीदार एकाच वेळी शेकडो यंत्रं घेतो त्याची अट कंपन्या ऐकतात. माझ्यासारख्या एकट्याची नाही ऐकत.

म्हणून आपल्याला विनंती अशी :

१. लॅपटॉपच्या प्रत्येक प्रस्तावात ‘वापर’ हा रकाना बंधनकारक करावा : बसून, फिरता की शालेय; बॅटरीवर रोज किती तास; वीज साधारण किती वेळ जाते. हा रकाना कोरा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

२. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खरेदी करताना दोन नमुने ठेवावेत. बसून कामासाठी सुमारे ४० वॉट-तास आणि चार्जमर्यादेची सोय. फिरत्या कामासाठी ५५ ते ६० वॉट-तास किंवा अधिक, दीर्घायुषी बॅटरी आणि बॅटरीवर स्वतंत्र तीन वर्षांची हमी. दोन्हीमध्ये बॅटरी स्क्रूने बसवलेली असावी, डिंकाने चिकटवलेली नको, आणि पाच वर्षं सुटी बॅटरी मिळण्याची लेखी हमी असावी.

३. वाटप करतानाच प्रत्येक बसून कामाच्या लॅपटॉपची चार्जमर्यादा चालू करून द्यावी आणि पावतीवर तशी नोंद घ्यावी.

४. जडवस्तू नोंदवहीत बॅटरीसाठी एक ओळ वाढवावी. वर्षातून एकदा बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता, आजची क्षमता आणि सायकल लिहाव्यात. क्षमता ६० टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलावी, लॅपटॉप नाही. बॅटरी बदलण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद नसेल तर कोणताही लॅपटॉप निर्लेखनाला जाऊ नये.

५. एप्रिलच्या शेवटी सर्व शाळांना सुटीतल्या साठवणुकीची सूचना जावी.

६. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही ठिकाणी जुन्या बॅटऱ्यांचं संकलन केंद्र जाहीर करावं आणि तिथून त्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जाव्यात.

यातलं तिसरं आणि पाचवं काम उद्या सकाळी सुरू होऊ शकतं, त्याला पैसा लागत नाही. चौथ्याला एक परिपत्रक लागतं. पहिलं आणि दुसरं पुढच्या खरेदीच्या आधी व्हायला हवं, कारण एकदा चुकीचे लॅपटॉप आले की पुढची तीन-चार वर्षं आपण त्यांच्याशी बांधले जातो.

ज्या जिल्ह्याला देशाने मागास म्हणून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तो जिल्हा साधनं शहाणपणाने वापरण्यात पुढे जाऊ शकतो. इथला शेतकरी पेरणीआधी जमीन बघतो, पाणी बघतो, मग बियाणं ठरवतो. सरकारी खरेदीनेही तेवढंच करावं, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्याकडून होईल ते मी करायला तयार आहे. कोणत्याही तालुक्यात परिचालकांना, तलाठ्यांना किंवा शिक्षकांना अर्ध्या दिवसात बॅटरीचा अहवाल कसा काढायचा, चार्जमर्यादा कशी लावायची आणि फुगलेली बॅटरी कशी हाताळायची, हे मी विनामूल्य शिकवीन. तारीख आणि जागा आपण ठरवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वाशिममधला एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर